उगाळलेलं बी

"लहानपणी तुम्हांला गालगुंडं येऊन गेलीत ना?" बेबीच्या कानाखालची सूज दाबून बघता बघता डॉक्टरांनी सहज विचारलं, आणि तिच्या बापाला, वाल्मीकला, उत्तर देता आलं नाही. प्रश्न साधा होता. हो म्हणायचं किंवा नाही म्हणायचं. चाळिशीच्या माणसाला आपल्या अंगावरून काय काय गेलं एवढं ठाऊक असायला हरकत नव्हती. डॉक्टर हात धुवायला मोरीकडे गेले आणि तिथूनच बोलत राहिले, की पोरांना हे काही नाही, आठ-दहा दिवसांत उतरेल, पण मोठ्या पुरुषमाणसाला झालं तर फार त्रास देतं, तेव्हा येऊन गेलं नसेल तर थोडे दिवस दुसरीकडे झोपा. "आईला विचारा, त्यांच्या लक्षात असतं," असं म्हणून त्यांनी रत्नाच्या हातातल्या पंच्याला हात पुसले. "विचारतो," वाल्मीक म्हणाला. असा म्हणाला, की जणू आई आतल्या खोलीत तांदूळ निवडत बसली होती. डॉक्टर जिना उतरून गेले तरी रत्ना पंचा धरून तशीच उभी होती. मग तिनं हळूच विचारलं, "कुणाला विचारणार?"

लग्न ठरताना कोंडिबाकाकानं तिच्या वडलांना सांगितलं होतं, पोराला आईबाप कुणी नाही, चुलता म्हणून मीच काय तो. तेव्हा वाल्मीक शेजारीच बसून पानाला चुना लावत होता. त्यानं ते खोडून काढलं नाही, आणि पुढं इतक्या वर्षांत कधीच काढलं नाही. बाप खरोखरच गेला होता. आई मेली असं काकाही म्हणाला नव्हता. नुसतं 'नाही' म्हणाला होता, आणि त्या 'नाही'चा अर्थ ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं लावला. आता काका गेला, काकू त्याच्याही आधी गेली, आणि ज्या गावात ते गालगुंड आलं असेल किंवा नसेल ते गाव मुळशीच्या धरणाच्या पाण्याखाली होतं. म्हणजे त्याच्या गालांची हकिगत सांगू शकेल असं एकच माणूस जगात उरलं होतं, आणि ते पौडाच्या पलीकडे माल्याला राहत होतं, जिवंत असलं तर. "काकाच्या ओळखीतलं कुणी सापडतं का बघतो," असं रत्नाला सांगून तो गॅलरीत गेला. त्याला राग आला होता. कुणाचा ते नीट कळेना, म्हणून त्यानं तो डॉक्टरांवर काढला. भलत्या चौकशा हव्यात कशाला या माणसाला, असं तो मनात म्हणाला.

दुपारी समोरच्या खोलीतल्या गोजराबाई सहाण घेऊन आल्या. डॉक्टरांचं चालू द्या, पण हा लेप लावाच, असं म्हणून त्यांनी ओच्यातून एक बी काढलं. तळहात भरेल एवढं, चपटं, काळपट तांबडं, हात फिरवत राहावं इतकं गुळगुळीत. "ही गारंबी," त्यांनी वाल्मीकला समजावून सांगितलं. "रानातली मोठी वेल असते. तुम्ही नसेल पाहिली." तो वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक होता आणि उमेदीची सगळी वर्षं त्यानं याच एका वेलीत घातली होती, पण तो नुसता "अस्सं" म्हणाला. गोजराबाईंनी सहाणेवर पाणी टाकलं आणि त्या उगाळायला बसल्या. आधी कवच नुसतं घसरत होतं. मग खरखर सुरू झाली, आणि कवच झिजून आतला गर लागल्यावर तो आवाज बदलला, जाड झाला, आणि खोलीत एक कडसर, तेलकट वास पसरला. वाल्मीकच्या डाव्या कानाखाली गार लागलं. अगदी स्पष्ट, ओलं गार, आणि त्यावर एक खरखरीत तळवा. त्यानं दचकून मानेला हात लावला. मान कोरडी होती. हे आठवलं म्हणायचं की समोर बघून मनानं तयार केलं, ते त्याला ठरवता येईना. इतकी वर्षं त्यानं हे बी हातात घेतलं होतं, कापलं होतं, त्याच्या गरातलं तेल काढून मोजलं होतं. पण सहाणेवर उगाळताना ते कसं वाजतं, हे त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

बाकी त्याला काय ठाऊक नव्हतं! पुरुषभर लांबीच्या शेंगा, त्यांच्या एकेका कप्प्यात एकेक बी. शेंग तुटते, बी ओढ्यात पडतं, ओढा नदीत नेतो, नदी समुद्रात. बीच्या पोटात पोकळी असते म्हणून ते बुडत नाही. महिनोन्‌महिने तरंगत आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागतं, मलायाच्या लागतं, जिथं थंडीनं ते कधीच रुजणार नाही अशा दूरदेशींच्या वाळूवरही जाऊन पडतं. आणि हे तेल कशासाठी? तर गर्द रानात खाली अंधार असतो. वेलीच्या कोंभाला उजेडाचं तोंड दिसायच्या आधी ताडमाड चढावं लागतं, आणि तोवर पोटाला हवं. म्हणून स्निग्ध, जड, भरलेलं बी. अमेरिकेच्या रानांत, मलायाच्या रानांत निराळ्याच कुळांतल्या वेली आहेत. एकमेकींशी नातं ना गोतं, पण लाखो वर्षांत त्यांनाही हीच युक्ती सुचली, की बिया थोड्या करायच्या पण तेलानं भरून करायच्या. आपल्या सह्याद्रीतली मालकांगोणीसुद्धा इवल्याशा दाण्यात तेल कोंबते आणि प्रवासाचं काम पाखरांवर सोपवते. "वेल आपल्या बीला शिदोरी बांधून देते," तो दर वर्षी वर्गात सांगायचा, "आणि मग त्याच्याकडे वळून बघत नाही." मुलं हसायची. या वाक्याचा त्याला अभिमान होता. मग तो दोन बिया टेबलावर ठेवायचा. एकीचं कवच कानशीनं एका बाजूला घासायचा, दुसरी तशीच ठेवायचा, आणि दोन्ही पाण्यात टाकायचा. घासलेली दुसऱ्या दिवशी टम्म फुगायची आणि पुढं कोंब काढायची. न घासलेली पुढच्या वर्षीच्या मुलांनाही तशीच दाखवता यायची. रानात हेच काम ओढ्यातले दगड करतात, पण त्याला कित्येक वर्षं लागतात.

एवढं सगळं जमलं होतं आणि एकच गोष्ट अडत होती. बी पाण्याबरोबर खाली जातं. वर चढत नाही. मग घाटमाथ्यावर ही वेल आली कशी? वाल्मीकचं म्हणणं असं, की ती आलीच नाही, ती होतीच. जुन्या काळच्या अफाट रानाची ती मागं राहिलेली खूण आहे. गेल्या वर्षी पौडाकडच्या एका विद्यार्थ्यानं सांगितलं, की माल्याला, घाटाच्या अलीकडे, आसपास दुसरी एकही नसताना एकच गारंबी उभी आहे. वाल्मीकनं त्याच्याकडून पान आणि शेंग मागवून घेतली आणि ती एकाकी वेल आपल्या निबंधात सगळ्यांत भक्कम पुरावा म्हणून घातली. मे महिन्यात मुंबईच्या परिषदेत तो निबंध वाचायचा होता. आंबोलीपासून भीमाशंकरापर्यंतचे घाट पायी तुडवलेला हा माणूस एसटीनं एका सकाळीत होणाऱ्या माल्याला मात्र स्वतः गेला नव्हता. वेळ झाला नाही, असं तो सगळ्यांना सांगायचा, आणि हळूहळू ते त्याला स्वतःलाही खरं वाटायला लागलं होतं.

बेबीचा गाल फुगून डोळा बारीक झाला. वाल्मीक गॅलरीत झोपायला लागला, पण त्याला झोप येईना. दाढी करताना तो आरशात आपलेच जबडे दाबून बघायचा. डावा किंचित जड वाटायचा, मग उजवा वाटायचा. वर्गात मुलांसमोर बोलता बोलता हात आपोआप कानाखाली जायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं रत्नाला सांगितलं, "मुळशीकडे एक वेल आहे, ती बघून येतो." रत्ना म्हणाली, "पोर आजारी असताना वेल?" तो पिशवी घेऊन निघाला.

भूगाव मागं पडलं तशी उन्हात भाजलेली शेतं सुरू झाली. पौडाला गाडी बराच वेळ थांबली. उतरावं आणि परतीची गाडी पकडावी असं त्याच्या दोनदा मनात आलं, आणि दोन्ही वेळा शेजारच्या म्हाताऱ्याच्या गाठोड्यावरून पाय टाकायचा आळस झाला म्हणून तो बसून राहिला. त्याला एकच सकाळ आठवत होती. धरणाचं पाणी चढणार म्हणून गाव हलत होतं. काकानं त्याला खांद्यावर उलटा टाकला होता, तोंड मागं करून, म्हणून त्याला सगळं दिसत होतं. बाप आधीच्या वर्षी गेला होता, आणि आई, सगुणा, म्होतूर लावून माल्याच्या भिवाजीच्या घरी जायची होती. बाईनं दुसरा संसार मांडला तर पोर बापाच्या भावकीत राहायचं, असा रिवाज. ती कुडापाशी उभी होती. तो तिला हाक मारत होता. आणि काका पांदीला लागायच्या आत तिनं पाठ फिरवली. आधी तिनं फिरवली. त्यानंतर ती पुण्याला कधी आली नाही, निरोप नाही, सणावाराला विचारपूस नाही. काका म्हणायचा, "तिनं विचारलंसुदिक न्हाई रं तुला." पोरपणी तो हे ऐकून रडायचा, पुढं रडेनासा झाला, आणि मग वर्गात वेलीचं ते वाक्य सांगायला लागला.

माल्याला उतरला तेव्हा रस्त्याच्या कडेला एक गडी राबासाठी तोडलेल्या पाल्याचा भारा बांधत होता. भाताच्या रोपाची जागा भाजायची, त्याचे ते दिवस. "इथं कुठं गारंबीची वेल आहे म्हणे?" वाल्मीकनं विचारलं.

"गारंबी-बिरंबी ठावं न्हाई. सगुणाबाईची येल म्हनत असाल तर हाय. माज्या आयची," गडी म्हणाला. "बगायला आलाय का तोडायला?"

"बघायला."

"मंग जावा बिनघोर. तोडायला म्हनला असता तर आयनं ह्योच इळा हातात घेतला असता." तो हसला, आणि त्याच्या पुढच्या दोन दातांमधली फट दिसली. तसलीच फट बेबीच्या दातांत होती. त्याचं नाव भैरू. भारा डोक्यावर घेऊन तो वाघजाईच्या राईपर्यंत बरोबर आला आणि वाटेत बोलत राहिला. "राईच्या भायेर हाय ती येल. द्येवीची न्हाई, कुनाची न्हाई. राबाला तिचा पाला घ्यावा म्हनलं तर हात लावू दीत न्हाई. लोकं म्हनत्यात, येलीनं हिरड्याचा गळा आवळलाय, हिरडा मरनार. ती म्हनती, मरू दे हिरडा. लई भांडनं झाली वो गावात. माजा बा हुता तवा त्यो बी वैतागायचा."

"पण का?"

"तिचं कायतरी हाय त्या येलीत. सांगत न्हाई." आणि तो शेताकडे वळला.

वाल्मीकनं आधी वेलच पाहिली. मांडीएवढं जाड, पीळ पडलेलं खोड, वर हिरड्याच्या डोक्यावर पसरलेला पसारा आणि त्यातून लोंबणाऱ्या शेंगा. इतक्या वेली पाहिलेल्या डोळ्याला फार वेळ लागला नाही. जुन्या अफाट रानाची खूण म्हणून त्यानं जी निबंधात घातली होती, ती वेल त्याच्यापेक्षाही वयानं लहान होती. परिषद, टाळ्या, सगळ्यांत भक्कम पान, सगळंच गेलं, आणि गंमत म्हणजे त्याचं दुःख व्हायला त्याला सवड नव्हती, कारण खोडाशी दगडावर एक म्हातारी बसून त्याच्याकडे बघत होती. तोंडाकडे नाही, कानांकडे. त्याचे कान बापासारखे पुढं आलेले होते, काका नेहमी चिडवायचा. तिनं पुष्कळ वेळ पाहिलं, मग पदर पुढं ओढला आणि नजर काढून घेतली.

"कुटनं आलाय, सायेब?"

"पुण्याहून."

"बसा. उनाचं आलाय."

ओळखलं, आणि साहेब म्हणाली! इथूनच परत फिरावं, असं त्याला वाटलं. पण पाय दुखत होते, आणि दुसरं काही सुचेना म्हणून तो खाली बसला आणि निबंधवाल्या माणसासारखं विचारता झाला, "ही वेल इथं आली कशी?"

"म्या पुरली." ती शेंगांकडे बघत बोलत होती. "उगवायसाटी न्हाई पुरली. आमी घाटाखालच्या. आमच्या तितं हिचं रान हाय नुसतं. आमच्यातली बाई म्होतराला निगाली आन पोर भावकीत ऱ्हायलं, तर तिनं वळून न बगता निगायचं आन नव्या गावाच्या शिवंवर गारंबीचं बी पुरायचं. बी हाय तसं ऱ्हायलं तर पोर तिचं. तिनं जाऊन बगावं, सनाला आनावं, कुनी आडवायचं न्हाई. आन बी उगावलं, तर द्येवीचा कौल झाला, पोर दुसऱ्याच्या मातीत रुजलं. मंग तिनं त्येच्या दारात जायचं न्हाई, त्येला हाक मारायची न्हाई. मारली तर पोराला बाधतं."

"आणि उगवतं का ते?"

"कुनाचं उगवतंय!" ती एकदम हसली. "दगुड हाय त्यो. माज्या मावशीनं पुरलं, चुलतीनं पुरलं. समद्या जनी पोरांस्नी भेटत व्हत्या. म्हनून तर रीत पडली." हसू तिथंच थांबलं. "माजं पैल्याच पावसात उगावलं. मी रोज येऊन बगायची, वर काय न्हाई नव्हं? आन येक दिस कोंब. माज्या बोटाएवडा. वाटलं खुडून टाकावा. पर पोराचं रोप त्ये, खुडायचं कसं? मंग राकत बसले."

वाल्मीकनं जे विचारलं ते मुलाच्या तोंडचं नव्हतं, प्राध्यापकाच्या तोंडचं होतं, सवयीनं आलं. "ते बी कोरं होतं, की आधी कशाला वापरलं होतं?"

"येकच हुतं माज्याजवळ. आयनं दिल्यालं. पोराला गालफुगी आल्ती त्या साली, लई ताप. उगाळून उगाळून येका अंगानं पार पांडरं झाल्यालं. त्येच पुरलं. दुसरं कुटनं आनू?"

डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर न विचारताच मिळालं होतं. वाल्मीकला ते कळलं आणि त्याच दमात दुसरंही कळलं, आणि हे दुसरं इतकं साधं होतं की त्याला ओरडावंसं वाटलं. टेबलावरच्या दोन बिया. एक घासलेली, एक तशीच. त्याचा गाल उतरावा म्हणून तिनं कवच झिजवलं, झिजल्या जागेतून पावसाचं पाणी आत गेलं, बी फुगलं आणि कोंब आला. पहिल्या वर्षाच्या मुलालाही सांगता येईल. आणि या एवढ्याशा पाण्यावर ती पस्तीसएक वर्षं पुण्याच्या वाटेला गेली नाही, गावाशी भांडली, आणि आता समोर बसून त्याला साहेब म्हणत होती, त्याला बाधू नये म्हणून. सांगावं? सांगितलं तर तिच्या आयुष्यातला देवीचा हात जाईल आणि मागं फक्त चूक उरेल, कुणालाही समजेल अशी चूक. न सांगितलं तर ती अशीच साहेब म्हणत मरेल. हे तिच्यासाठी चाललंय की आपल्यासाठी, असा प्रश्न त्यानं स्वतःला विचारला, आणि उत्तर आपल्यासाठी असंच आलं. त्याला तिच्या तोंडून हाक ऐकायची होती. चाळिशीच्या बाप्याला, पोरीच्या बापाला, दुसरं काहीही नको होतं.

"ते देवीनं उगवलं नाही," तो म्हणाला. "तुम्ही उगाळलं म्हणून उगवलं. कवच जाड असतं, पाणी आत जात नाही, म्हणून सगळ्यांच्या बिया तशाच राहतात. तुमच्या बीचं कवच झिजलं होतं. कुणीही तसलं बी पुरलं असतं तरी उगवलंच असतं. पोराचा त्याच्याशी काही संबंध नाही. काही बाधलं नसतं."

खोडाच्या बुडापासून तिची नजर वर वर जात पार शेंड्याला पोचली आणि परत खाली आली. "म्हंजी त्येचा गाल बरा केला म्हनून?"

"हो."

"ह्ये तुमाला कवापासनं ठावं हाय?"

खोटं बोलता आलं असतं. "कॉलेजात शिकत होतो तेव्हापासून," तो म्हणाला. "दर वर्षी मुलांना करून दाखवतो."

"दर वर्सी." तिनं मान हलवली. "आन पुन्यास्नं हितं यायला यष्टीला किती येळ लागतुया?" ती त्याच्याकडे वळली, आणि पहिल्यांदा सरळ तोंडाकडे पाहत म्हणाली, "मला रीत आडवी आली. तुला काय आडवं आल्तं रं?"

त्याच्याजवळ उत्तर तयार होतं, पोरपणापासून घोटून ठेवलेलं. तू आधी पाठ फिरवलीस. तो ते बोललाही, पण शब्द निघाले ते पोराचे निघाले, मधेच फुटलेले. "वळून बगायचं न्हाई आशी रीतच हाय, आत्ता सांगितलं की," ती चिडून म्हणाली, एखादं काम दोनदा सांगावं लागल्यासारखी. वाल्मीक रडला. इतकी वर्षं आपलं बरोबर होतं, असं मानण्याची सवय झाली होती. ते बरोबर नव्हतं याचं त्याला रडू येत होतं, आणि आई जिवंत होती याचंही. तिनं हात पुढं केला. खरखरीत तळवा त्याच्या कानाखाली टेकला. "ह्यो गाल," ती म्हणाली. तो उजवा होता. घरी सहाणेच्या आवाजानं त्याला जे गार लागलं होतं ते डावीकडे लागलं होतं, आणि तो त्यालाच खरं मानून चालला होता.

"माझ्या मुलीला आलंय आता," डोळे पुसत तो म्हणाला. "म्हणूनच..."

"पोरगी हाय?" ती उठली. दगडानं तिनं खाली पडलेली शेंग फोडली, एक बी टाकून दिलं, दुसरं पदराला पुसून त्याच्या हातात ठेवलं. "ह्ये उगाळ. आन उरल्यालं फेकू नगंस, कुटं पुरू बी नगंस. हितं परत आन."

"पाठवून देतो."

"पाटवतो न्हाई. आन. पोरीला घिऊन."

परतीच्या गाडीत त्यानं ते बी खिशात मुठीत धरून ठेवलं होतं. निबंधातलं ते पान काढून टाकावं लागणार होतं. मुंबईला जाऊन काय वाचायचं, हे त्याला कळत नव्हतं आणि पौड येईपर्यंत त्यानं त्याचा विचारही केला नाही. रत्नाला कुठून सांगायला सुरुवात करायची याचाच तो विचार करत होता. काकाचं 'नाही', चुना, आपलं गप्प बसणं. स्वारगेटपासून चालत येताना त्यानं चार-पाच वाक्यं जुळवली आणि जिना चढताना सगळी विसरला. दार रत्नानंच उघडलं. आत बेबी गळ्याला फडकं बांधून बसली होती आणि गोजराबाईंची सहाण कोनाड्यात होती.

"सापडलं का कुणी?" रत्नानं विचारलं.

"आईला विचारून आलो," तो म्हणाला. "येऊन गेलीत. उजव्या गालाला."